साहेबांचं बक्षीस

सोमवार
कॉलेजातून सस्पेंड. कारण किरकोळ : सरांच्या खुर्चीखाली हॉर्न. बाबांनी लगेच ताईच्या शाळेत मदतीला पिटाळलं. विशेष मुलांची शाळा. ताई म्हणाली, मूल कशासाठी मेहनत घेईल ते आधी शोधायचं, त्याला रीइन्फोर्सर म्हणतात. मी म्हटलं, म्हणजे लाच. तिने डोळे वटारले.
माझ्या वाट्याला आठ वर्षांचा एक जण. बोलत नाही, कपाळावर कायम आठ्या. मी नाव ठेवलं साहेब. पायात बूट ठेवत नाही, म्हणून मागची सहल हुकली. पुढची शुक्रवारी.
ओळख म्हणून त्याच्या कानाशी माझा फेमस ॲम्ब्युलन्सचा आवाज काढला. दोन्ही कान झाकून टेबलाखाली गेला. खूश!

मंगळवार, दुपार
बिस्किटं, चेंडू, साबणाचे फुगे, सगळं समोर मांडलं. साहेब हात लावेनात. बिस्किटं वाया कशाला घालवायची, मीच संपवली. परत ॲम्ब्युलन्स. मग कंटाळून म्हटलं, बूट घाल रे बाबा, मी चहा पिऊन येतो.
घातले! दोन्ही!! आवाजाची जादू.

बुधवार
आज आवाज डबल. बूट झटपट. वर हात धरून मला दारापर्यंत सोडायला आला. केवढा लळा!
ताईला सांगितलं, रीइन्फोर्सर सापडला. मीच. साहेबांच्या आईने माझे दोन्ही हात धरले. म्हणाली, घरी सगळे हरलो रे दादा. मी म्हटलं, अंगात असावं लागतं.

गुरुवार
ताई बघायला बसली. मी आवाज काढला. तिचा चेहराच उतरला. कान झाकतो त्याला आनंद म्हणतात होय रे गाढवा, म्हणाली.
मला बाहेर काढलं. खिडकीतून पाहिलं. साहेब फुग्यांमागे उड्या मारत होते. मंगळवारीही हेच फुगे होते, तेव्हा माझ्यासमोर हातही लावला नव्हता.
ताई म्हणाली, तुझं बरोबर होतं. रीइन्फोर्सर तूच. तुझं जाणं.
त्याची आई तिथेच होती. तिने माझ्याकडे पाठ केली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. सॉरी म्हणायला गेलो तर घशातून आवाजच निघेना. माझ्या!

शुक्रवार, सकाळ
ताईने फुग्यांचं बक्षीस दाखवून त्याला बूट घालायला लावले. साहेब सहलीला निघाले. मी मुद्दाम गेटबाहेर, झाडाआड उभा. नुसतं बघायचं, बास.
बस वळली. खिडकीतून त्याने मला पाहिलं आणि दोन्ही कान झाकले.
मी तोंड उघडलंसुद्धा नव्हतं.