टाळ्यांखालची धून

लेशेक,

यंदाही देशोदेशीचे लष्करी बँड क्राकूवच्या चौकात जमले होते. बारा वाजता संचलन थांबलं आणि सगळे वादक चर्चच्या मनोऱ्याकडे बघत उभे राहिले. तिथं तुझ्या जागी आता युरेक ट्रम्पेट वाजवतो. फार पूर्वी हीच इशाऱ्याची धून वाजवताना ज्या सुरावर पहारेकऱ्याच्या गळ्यात बाण घुसला, त्याच सुरावर युरेकनं रिवाजाप्रमाणे धून तोडली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्यांखाली धून पुढे चालूच राहिली.

लिदिया लहानपणी तो तुटलेला सूर ऐकून रडायची, म्हणून तू तिच्यासाठी धुनेचा शेवट रचला होतास. तोच होता तो. आजूबाजूच्या कुणालाही काही ऐकू आलेलं दिसलं नाही. पण आपली पोर गणवेशात, रांगेत उभी असताना ट्रम्पेट उचलून साथ देऊ लागली. बँडमास्तर खेकसला, "बाईसाहेब, रियाज घरी करा."

नंतर मी युरेकला गाठलं. तो म्हणाला, "वहिनी, मी तोडली हो. शपथ. तुम्ही हल्ली नीट जेवता ना?"

आज जेवताना लिदिया म्हणाली, "आई, बाबांनी शेवटी थोडं नवीन वाजवलं. मला ते शिकायचंय. मी मनोऱ्यावरची नोकरी मागितलीय." आणि तिनं आणखी सूप वाढून घेतलं. तुझ्या दफनानंतर पहिल्यांदाच ती पोटभर जेवली.

म्हणून तुला वाजवणं थांबव म्हणवत नाही. एवढंच सांग, शिकवून झालं की तिला खाली पाठवशील ना?

तुझी,
बोगना