पांढऱ्या टाइल्सऐवजी

सवाई बेट, सामोआ
१४ सप्टेंबर

प्रिय फेतूइताईस,

इओसुआचा नमस्कार. देवाच्या कृपेने आम्ही सगळे ठीक. तालिया तुझी आठवण काढते आणि नवऱ्याला, म्हणजे मला, दिवसातून दोनदा आळशी म्हणते. आई छान जेवते, भांडते त्याहून छान.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर आई शेजारी बसलेली असते आणि मला बोलूच देत नाही. पाद्रीबाबांची मेहुणी ऑकलंडला निघाली आहे, तिच्या हाती हे देतो आहे.

आधी फरशीचं. तू पाठवलेले सहा हजार ताला पोचले. पण तुझ्या त्या चकचकीत पांढऱ्या टाइल्स बसवल्या नाहीत. रागावू नकोस, पुढे वाच.

आपिया शहरातल्या दुकानांत त्या पंच्याऐंशी ताला मीटर आहेत आणि आपलं घर पन्नास चौरस मीटर. त्यावर बोटीचं भाडं, ट्रक, चिकटवायचा मसाला आणि उएले मिस्त्रीची मजुरी. सहा हजारांत काही बसेना. लाकूड म्हणावं तर वाळवी वाटच बघत असते. प्लास्टिकचं आच्छादन घातलं की खाली ओल धरते, दुसऱ्या पावसाळ्यात बुरशी. म्हणून सिमेंट ठरवलं. तिथेही मी अक्कल पाजळली. वाळू विकत कशाला, म्हणून किनाऱ्यावरची फुकटची उचलून आणली. उएले नको म्हणत होता. पंधरा दिवसांत कोपऱ्यातून मीठ फुटलं आणि पोपडे निघाले. उएले म्हणाला, "आता हे फोडायची मजुरी वेगळी. मिस्त्री कोण, तू का मी?" नदीची वाळू आणून तो कोपरा परत केला. सगळं मिळून चार हजार दोनशे झाले. उरलेले आईच्या पेटीत आहेत.

तू पसंत केलेल्या तशाच टाइल्स पाद्रीबाबांच्या नव्या दिवाणखान्यात आहेत. दिसतात सुंदर. पण आपल्याकडे पाऊस, सगळे चपला बाहेर काढणार आणि ओल्या पायांनी आत येणार. मे महिन्यात त्यांच्याकडच्या जेवणाला चर्चचे थोरले डीकन ताटासकट घसरले आणि अख्खं डुकराचं तंगडं पाद्रीबाबांच्या मांडीवर जाऊन बसलं. सगळे पोट धरून हसले. आई हसली नाही. मला कोपराने ढोसून हळूच म्हणाली, "काय पडलं रे?"

ताई, ती समोरच बसली होती.

निघताना ती त्या पांढऱ्या फरशीच्या मधोमध उभी राहिली. लोक बाजूने जात होते, आणि ती कुणाला तरी नमस्कार करायचा असल्यासारखी हसत होती. मी जवळ गेलो तेव्हा म्हणाली, "इओसुआ, दार कुठल्या अंगाला आहे?"

आईचे डोळे गेले आहेत. साखरेने. आपियाला नेलं होतं. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येणार नाही. फोनवर ती तुझ्याकडे न बघता बाजूला बघते आणि तू म्हणतेस, आई कॅमेऱ्याला लाजते.

मी तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. पण तिने मला बायबलवर हात ठेवायला लावला. म्हणाली, "फेतूइला कळलं तर ती मला उचलून ऑकलंडला नेईल आणि खिडकीपाशी बसवील. मला खिडकीचा काय उपयोग?"

घरात आम्हाला इतके दिवस कळलं नाही, कारण घराची जुनी जमीन पोवळ्याच्या खड्यांची. वर केवड्याच्या पातीच्या चटया. कुठे खडे दबलेत, कुठे उंच आहेत, हे तिच्या तळव्यांना पाठ होतं. ती जमीन मी उखडणार होतो. तुझ्या टाइल्स घातल्या असत्या, तर तिला स्वतःच्या घरात दार विचारावं लागलं असतं.

मग फरशी तिनेच ठरवली. ताटात खडे घेऊन बसली आणि बोटांनी निवडू लागली. हा टोचतो, हा फार गुळगुळीत, हा चालेल. उएले म्हणाला, "मावशी, खडे निवडताय की तांदूळ?" ती म्हणाली, "तांदळात चूक झाली तर दात दुखेल. इथे चूक झाली तर मी पडेन. तू सिमेंट कालव."

आता तिच्या खाटेपासून दारापर्यंत हातभर रुंद खड्यांची पट्टी आहे. न्हाणीकडे वळते तिथे खडे मोठे. चुलीजवळ ओल्या सिमेंटवर खराटा ओढून खरखरीत केलं आहे, म्हणजे पायाला तिथलं वेगळं लागतं. बाकी सगळं गुळगुळीत, वर चटया. गेल्या मंगळवारी आई एकटी न्हाणीत गेली, आंघोळ करून एकटी परत आली आणि साबण भलत्या जागी ठेवल्याबद्दल तालियाला बोलली. मला इतका आनंद झाला की मी बाहेर जाऊन उगाच नारळ सोलत बसलो.

नाताळात तू येशील. एकच मागणं आहे. तिला न्यायचं मनात आलं, तर विचारू नकोस. आयुष्यात तिने तुला कधी नाही म्हटलेलं नाही. तू विचारलंस तर ती येईल.

इथवर लिहिलं आणि आई खड्यांवरून चालत माझ्यापाशी आली. म्हणाली, "इतका वेळ फरशीचाच हिशोब लिहितोस? वाच बघू." मी सगळं वाचलं. शपथ मोडली म्हणून आता चापट बसणार असं वाटलं. तिने चाचपून माझा खांदा धरला. मग म्हणाली, "डोळ्यांचं लिहिलंस ते बरं केलंस. मला जड झालं होतं. पण ते विचारू नकोस वगैरे खोडून टाक. विचारू दे तिला. मला नाही म्हणता येतं."

मी खोडलेलं नाही. पण ती म्हणाली तेही लिहिलं आहे.

तिचा आणि तुझा,
इओसुआ