वडिलांची जागा

बाबा,

थिएटरातले दिवे सांभाळायची तुमची जागा आज मला मिळाली. मुलाखतीत मॅनेजर सहज म्हणाले, "तुझं नाव याआधीही निघालं होतं. तुझ्या वडिलांनीच मोडता घातला. म्हणाले, पोरीला शिडीवर चढवू नका, तिकीट खिडकीच बरी."

घरी मात्र तुम्ही म्हणायचात, "बायकांना घेतच नाहीत गं, मी तरी काय करू?"

मी शिडी लावली, वर चढले आणि दिवे लावून दाखवले.

संध्याकाळी तुम्ही पेपराआडून विचारलंत, "कुणाला घेतलं?"

"मला."

तुम्ही पेपराची घडी घातलीत. मग म्हणालात, "रबरी तळव्याचे बूट घे. शॉक बसतो."

"बरं," म्हटलं. बाकीचं या कागदावरच राहू दे.

तुमची,
थोरली