कांताची ओळ

गंगाखेड, मंगळवार, १२ मार्च १९८५

किळस आली आज. जनाबाई ऊसतोडीला गेली होती. मागे आजीपाशी राहून रोज शाळेत जाणाऱ्या तिच्या कांताचं नाव सातवीच्या पटावरून काढून टाकलं. परीक्षा तोंडावर आलेली. का काढलं ते बघायला मी जनाबाईसोबत शाळेच्या कचेरीत गेलो.

कारकुनाने दाखल-खारीज रजिस्टरवर तळहात ठेवला. "दाखवता येत न्हाई. दुसऱ्यांच्या लेकरांची माहिती हाय. खासगी."

ते मलाही मान्य. कुणाच्या लेकराची जात चारचौघांत का उघडी पाडायची?

"मग बाकीच्या ओळी झाका की, साहेब," जनाबाई म्हणाली. "माझ्याच लेकीचं माझ्यापासून काय लपवायलाव?"

"ह्या अण्णांच्या सभेला लय जायलीस वाटतं," माझ्याकडे बघत तो हसला. मग रजिस्टर उघडून, बसलेल्या साऱ्यांना ऐकू जाईल अशी, आधी कांताची जात वाचली. हेच का खासगी? पुढे वाचलं, "आईच्या अर्जावरून खारीज. निशाणी डावा अंगठा."

"मी अंगठा देत न्हाई," जनाबाई म्हणाली. "सही करते. कांतानंच शिकवली."

तळहात पुन्हा पानावर. पुन्हा तेच, खासगी हाय. थू. आणि सभा गाजवणारा मी, मला तिथे एक शब्द का सुचू नये?

कांताच्या ओळीच्या नकलेसाठी मी अर्ज लिहिला. खाली तिने सावकाश सही केली. कारकून अर्ज घेईना. जनाबाई त्याच्या टेबलासमोर खाली बसली. "परीक्षेपर्यंत बसते," म्हणाली.

कचेरी बंद होताना त्याने पोच दिली. तीही माझ्या हातात, तिच्या नाही.