ओल्या फडक्यावर उतरलेला रंग

तिरुप्पूर
आडी ५, रविवार

अक्का,

लांबूनच पाया पडतो. जवळ असतो तर वाकलेल्या मला तू आधी कानाला धरून उभं केलं असतंस, म्हणून लांबूनच बरा. तू बरी असशील. पोरांचा खोकला गेला असेल. तुझे यजमान, आमचे अत्तान, गिरणीतून आल्या आल्या अजूनही पंख्याखाली पेपर पसरत असतील आणि पेपर उडाला की पंख्यालाच शिव्या देत असतील. त्यांना नमस्कार सांग, पण हे पत्र वाचून दाखवू नकोस. ते हसतील, आणि आत्ता कुणी हसलं तर मी काय करीन सांगता येत नाही.

"फोनवर तू आधी ओरडतोस, मग फोन ठेवून देतोस आणि मी बसते जागी. काय असेल ते कागदावर लिही," असं तूच म्हणालीस. म्हणून लिहितोय.

इथं सगळं ठीक. आडीचा वारा सुटलाय. वाळत घातलेला माझा निळा शर्ट कुणाच्या तरी छपरावर गेला, तो तिथंच आहे, रोज दिसतो. मेसच्या सांबारात डाळ शोधावी लागते. बाकी काही नाही.

आता कामाचं. येत्या शुक्रवारी तू इकडे ये. येताना फुलं, नारळ, फळं, पानं, काय लागतं ते घेऊन ये. आपल्याला एका घरी मुलगी मागायला जायचं आहे. आडी महिना चालू आहे हे मला माहीत आहे. आडीत शुभकार्याचं नाव कुणी काढत नाही, हेही माहीत आहे. पण आडी संपेपर्यंत थांबलो तर मागायला काही उरणार नाही. का ते विचारू नकोस. ये फक्त.

तिचं नाव कुयिली. आमच्याच कारखान्यात आहे, तपासणीच्या खोलीत. रंगवलेलं कापड माझ्या खात्यातून शेवटचा हात फिरून निघालं की त्याचा तुकडा तिच्याकडे जातो. ती एका छोट्या यंत्राच्या बोटाला पांढरं फडकं बांधते आणि त्या तुकड्यावर घासते. आधी कोरडं, मग ओलं. पांढऱ्यावर रंग उतरला की कापड नापास. मग गाडी दारात उभी असो नाहीतर मालक स्वतः येऊन उभे राहोत, ती बोलत नाही, नुसतं फडकं पुढं करते. मालक तिला हात जोडतात, "बरं आई, तू म्हणशील तसं," म्हणतात आणि माल परत धुवायला पाठवतात.

माझाही पहिला तुकडा तिनं नापास केला होता. मी तावातावानं पुस्तकातलं सगळं ऐकवलं. ती समोर डबा उघडून दहीभात खात होती. खाऊन झाला, हात धुतला आणि म्हणाली, "झालं? आता धुऊन आण."

अक्का, कॉलेज सोडलं ते प्राध्यापकानं वर्गात अपमान केला म्हणून, असं मी तुला सांगितलं होतं. अपमान केला होता, ते खोटं नाही. पण तो माणूस सगळ्यांचाच अपमान करायचा, त्यात विशेष काही नव्हतं. मी इथं महिनाभर शिकायला म्हणून आलो होतो आणि परत गेलोच नाही. त्या दहीभातापासून गेलो नाही. कपाळावर हात मारून घे, पण पुढचंही वाच.

तिचा माझ्यावर जीव आहे. असावा. म्हणजे तसं म्हणायला माझ्याकडे पुरावा आहे, पण तो पुरावा कसला आहे तेच कळेनासं झालंय. सांगतो.

गेल्या सोमवारी डाळिंबी रंगाचा मोठा लॉट होता. मुलींच्या खेळाच्या शर्टांचं कापड. अंग डाळिंबी, गळ्याला आणि बाह्यांना पांढरी पट्टी. हा रंग मुळातच चंचल. कितीही धुवा, थोडा मोकळा राहतोच. त्याला धरून ठेवायला शेवटी फिक्सर द्यावा लागतो. कापड फिक्सरच्या टबात बुडतं, रोलरमधून पिळून निघतं आणि लांबलचक भट्टीत सुकत जातं. हे काम माझं.

त्याच्या आधी टबात पांढऱ्या बनियनच्या कापडाचा सॉफ्टनर होता, कापड मऊ करायचा. त्याचं आणि फिक्सरचं हाडवैर. टब रिकामा करायचा, धुवायचा, मगच फिक्सर ओतायचा, हे इथं झाडूवालीलासुद्धा ठाऊक आहे. सुब्बू अण्णा आमचे मशीनवाले. ते मला नावानं हाक मारत नाहीत.

"ए कॉलेज, टब धुतला ना?"

"धुतला, अण्णा."

"पाण्यानं की तोंडानं?"

मी धुतला नव्हता. आम्हाला घरी सोडणारी सहाची व्हॅन सुटणार होती, व्हॅनमध्ये कुयिली असणार होती आणि त्या दिवशी मला तिला विचारायचंच होतं. तळाशी थोडंसं तर उरलंय, त्यानं काय होतंय, असं म्हणून मी फिक्सर ओतला.

दूध नासावं तसं झालं. वर चोथा तरंगायला लागला. मी जाळीनं चोथा काढला आणि मशीन चालू केलं. अक्का, याच प्रश्नाला परीक्षेत मला पूर्ण मार्क मिळाले होते. दोन्हींचा विद्युतभार उलटा, म्हणून ती एकमेकांना धरून बसतात आणि कापडाला काहीच मिळत नाही, असं मी आकृती काढून लिहिलं होतं. माहीत असलेली चूक माणूस करतो कशी?

तुकडा कुयिलीकडे नेला. कोरडं फडकं निभावलं. ओलं फडकं डाळिंबाचे दाणे चिरडल्यासारखं निघालं.

"काय घातलंस टबात?"

"फिक्सर."

"टबात घातलास की स्वतःच्या डोक्यात?"

मग मी खरं ते सांगितलं. मला वाटलं, आता पेटणार. ती पेटली नाही. म्हणाली, "परत धुवू, नवा फिक्सर देऊ. उद्या दुपारपर्यंत गाडी जाईल. मालकांना मी सांगते, कॉलेजकडून टब राहिला म्हणून. ओरडतील थोडं. ओरडू देत."

इथंच मी थांबायला हवं होतं. पण "कॉलेज" हा शब्द तिच्या तोंडून ऐकला आणि माझं डोकं फिरलं. ती चेष्टेनं म्हणाली असेल. मायेनंही असेल. मी काय म्हणालो माहीत आहे?

"तुझा माझ्यावर जीव असेल तर पास कर."

हेच वाक्य मी दिवसभर पाठ करत होतो गं. पण त्यात 'पास कर' नव्हतं.

तिनं यंत्राच्या बोटाचं फडकं सोडलं. मग पास झालेल्या मालावर लावतात ती हिरवी चिठ्ठी तिनं चिकटवली. ते रंगलेलं फडकं माझ्या हातावर ठेवलं. "हे तू ठेव," म्हणाली आणि पिशवी उचलून व्हॅनमध्ये जाऊन बसली. मी तिच्या मागच्या बाकावर बसलो. तिनं मान वळवली नाही.

ते फडकं मी उशीखाली ठेवलं. तिनं मला दिलेली पहिलीच वस्तू. उशीला डाग पडला, तोही मला आवडला. हस.

पास केलं म्हणजे जीव आहे. हो ना? मग दुसऱ्या दिवसापासून मी तुकडा घेऊन गेलो की ती फक्त हात पुढं करायची. "कुयिली" म्हटलं की "नमुना ठेव आणि जा." होकार दिलेली मुलगी अशी वागते का? तू बाई आहेस, तूच सांग. अत्तानांना होकार दिलास तेव्हा तूही अशीच वागली होतीस का?

*

आत्ता मारियम्मनच्या देवळात आंबील वाटत होते, पिऊन आलो. येऊन वरचं वाचलं. "आमच्याच कारखान्यात आहे" असं मी लिहिलंय. आहे नाही. होती.

गुरुवारी दुपारी चहाच्या वेळेला फाटकाशी बायकांचा घोळका आला. पुढं पेच्चिअम्माळ, कुयिलीची आई. ती शेजारच्या शिलाईच्या युनिटमध्ये मशीनवर बसते. आमचं डाळिंबी कापड तिथंच गेलं होतं. तिचे दोन्ही तळवे मनगटापर्यंत डाळिंबी. घामाच्या हातानं दिवसभर ते कापड मशीनखाली सरकवायचं, दुसरं काय होणार. मागच्या बाया हसत होत्या. "आडीची मेंदी फुकटात लावून दिलीत हो मालक!" "आता नवराही तुम्हीच बघून द्या!"

पेच्चिअम्माळ हसत नव्हती. तिनं शिवलेला एक शर्ट मालकांपुढं धरला. गळ्याची पांढरी पट्टी गुलाबी झाली होती.

"कुणी पास केलं हे? कुठला आंधळा बसवलात माझ्या पोरीच्या जागी? तिच्या नजरेतून डास सुटत नाही, रंग कसला सुटतो!"

कुयिली दारात आली. "मीच केलं, अम्मा."

"चेष्टा पुरे."

"मी केलं. ओलं फडकं रंगलं होतं. तरी केलं."

मालक म्हणाले, "का?"

तिनं एकदा वर बघितलं. माझ्याकडे बघितलं की माझ्यामागच्या मशीनकडे, हे मी तेव्हापासून ठरवतोय आणि ठरत नाही.

आणि मी? बसमध्ये सुट्ट्या पैशांवरून कंडक्टरशी भांडणारा, प्राध्यापकाच्या अंगावर वही फेकून आलेला तुझा भाऊ? मी खांबाला टेकून उभा होतो. हातात चहाचा पेला होता. तोंड उघडलंच नाही. उघडलं ते चहा प्यायला. तो चहा मी संपवला, अक्का. गार झाला होता तरी संपवला.

मालक ओरडले नाहीत. "उद्यापासून येऊ नकोस," एवढंच म्हणाले. बायांचं हसणं थांबलं. पेच्चिअम्माळनं दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले, जणू रंग तिनंच चोरला होता.

म्हणून शुक्रवार. लग्न ठरलं की सगळं जागेवर बसेल, तिला कामाची गरज पडणार नाही, कुणी काही विचारणार नाही, असं माझं चाललं होतं. पण हे लिहिताना असं वाटतंय की हेही मी टब न धुताच ओततोय. खरं काय ते मला कळत नाही. तू कळवशील तोवर फार उशीर होईल. मीच जाऊन येतो तिच्या घरी.

*

सोमवार, सकाळ
फाटकासमोरच्या चहावाल्याचा बाक

काल संध्याकाळी जाऊन आलो. दार पेच्चिअम्माळनं उघडलं. "ये तंबी," म्हणाली, धाकट्या भावाला म्हणावं तशी. तिला काहीच माहीत नाही. मला पेलाभर आंबील आणि सोललेला छोटा कांदा दिला. तळवे थोडे फिकट झालेत, पण नखांच्या कडांना तसेच. त्या हातातून मी पेला घेतला आणि प्यायलोही. मी कसला माणूस आहे गं?

मग कुयिली बाहेर आली. नमस्कार नाही, काही नाही.

"मालकांना सांगितलंस?"

मी म्हणालो, "आधी तू सांग. पास केलंस ते माझ्यावर जीव होता म्हणून, की मला..."

"सांगितलंस का?"

"अक्काला बोलावलंय. शुक्रवारी फुलं घेऊन येतेय."

मागं मोरीत तिची आई भांडी घासत होती. कुयिली तिकडे बघत म्हणाली, "पांढरी आणू नकोस म्हणावं. अम्माच्या हातात रंगतील ती."

आणि दार लावलं. जोरात नाही लावलं. जोरात लावलं असतं तर मला कळलं असतं. हळूच, कडी नीट बसेल असं लावलं. मी बाहेर किती वेळ उभा होतो कोण जाणे. गल्लीतलं कुत्रं आधी भुंकलं, मग कंटाळून माझ्याच पायाशी येऊन बसलं.

तिला माझ्याबद्दल काय वाटतं, मला माहीत नाही. होतं ते मी त्या हिरव्या चिठ्ठीवर खर्चून टाकलं असेल. ती "हो" म्हणावी म्हणून मी आत्ता आत चाललोय, की ती कधीच "हो" म्हणाली नाही तरी गेलो असतो, हेही मला कळत नाही. मालक मला हाकलतील. तिला परत बोलावतील की नाही, देव जाणे. नियम मोडला तो तिनंच, असं म्हणतील, आणि ते खरंच आहे. सगळं कळेपर्यंत इथं बसलो तर हाही चहा संपेल.

मालकांची गाडी आत्ता आत गेली. फडकं खिशात आहे. तेच पुढं करणार, ती करायची तसं.

शुक्रवारी तू ये. फुलं आणू नकोस. रिकाम्या हातानं ये आणि आधी पेच्चिअम्माळकडे जाऊ, मी तिला काय सांगायचं ते सांगेन, तू फक्त शेजारी उभी राहा. कान धरायचा असेल तर तिथंच धर.

आत गेल्यावर तोंड पुन्हा बंद पडू नये म्हणून जे बोलायचं ते खाली एकदा लिहून बघतो.

तो डाळिंबी लॉट ज्यानं नासवला आणि ज्यानं तो कुयिलीकडून जबरदस्तीनं पास करून घेतला, तो मी,

तुझा भाऊ
मारन