आईची दृष्ट

जव्हार, रविवार संध्याकाळ, १९७४

अजून हसू थांबत नाहीये. वसईहून मला भेटायला आलेली आई महिनाभर पाड्यावरच्या बायकांपासून अंग चोरून वावरतेय. कुणाचा हात लागला की लगेच हौदावर हातपाय धुवायला. फादर प्रवचनात सांगतात, रंगावरून, जातीवरून माणूस हलका ठरत नाही. आई मान डोलावते आणि पुढच्या बाकावर एकटीच बसते. रोज रोझरी म्हणणारी बाई, मग असं का?

आज चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेत फादर म्हणाले, "आता शेजाऱ्याला शांती द्या." नवीच पद्धत. आईने लांबूनच हात जोडले. मागे चटईवर बसलेली वारल्यांची झिपरीआजी मात्र उठून पुढे आली. तिने आईच्या गालांवरून हात फिरवले आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. "माझी बाय ती!" देऊळभर आवाज! मी डोळेच मिटले. आता काय होणार? उघडले तर आई लहान मुलीसारखी लाजलेली. मग जो तो शेजाऱ्याची दृष्ट काढू लागला, कुणीतरी फादरांचीही काढली.

आई हौदावर गेलीच नाही. आत्ता स्वयंपाकघरात बसून कानशिलांवर बोटं दाबून बघतेय. पुढच्या रविवारी तिला आजीची दृष्ट काढायचीय म्हणे. एक बोट वाजेल तर शपथ!