शेवटच्या पानावरची सही

अंबरनाथ, मंगळवार संध्याकाळ

नानानं दिलेली कादंबरी तीन आठवडे नव्वदाव्या पानावरच अडली आहे. उद्या कुळगावला त्याच्याकडे जायचंय. "कशी वाटली?" असं विचारणारच तो. शाळेपासूनचा मित्र, त्याच्याशी खोटं बोलू?

ही म्हणाली, "नाही आवडत तर सोडा की! परीक्षा आहे का?"

हिला काय सांगू? शेवटच्या ओळीपर्यंत कविता पाठ झाल्याशिवाय गुरुजी वहीत सही करत नसत. ती निळी सही अजून डोळ्यांपुढे येते. तेव्हापासून अर्धवट सोडवतच नाही. नाना तर अजूनही पुस्तक संपलं की शेवटच्या पानावर पेन्सिलीनं स्वतःच सही करतो.

आत्ता सहज शेवटचं पान उघडलं. सही नाही.

लबाड! उद्या मीच आधी विचारतो, "नाना, तू कितव्या पानावर अडकलास?"